आठ सेकंदांची जवारी

तंबोऱ्याची जवारी एकदा कानसली की परत भरता येत नाही. हे मला वयाच्या चौदाव्या वर्षापासून माहीत होतं. त्यामुळे पुढे माझ्या हातून जे झालं ते अजाणता झालं, असं म्हणायची सोय मला नाही.

ज्यांनी तंबोरा जवळून पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते. भोपळ्यावर लाकडाची तबली असते, तबलीवर हाडाची पसरट घोडी, आणि घोडीवरून चार तारा जातात. घोडीची पाठ सपाट दिसते, पण ती सपाट नसते. तिला केसाच्या जाडीइतका उतार दिलेला असतो. तार छेडली की ती या उतारावर टेकते, सुटते, पुन्हा टेकते, आणि त्या टेकण्या-सुटण्यातून एका सुराच्या पोटातले कितीतरी वरचे सूर बाहेर येतात. या उताराला जवारी म्हणतात. उतार थोडा चुकला की तंबोरा एक तर मुका होतो, नाहीतर पत्र्याच्या डब्यासारखा झणझणतो. या दोन टोकांच्या मधे शेकडो आवाज असतात, आणि त्यातला चांगला कोणता हे कुणीतरी ठरवावं लागतं.

मिरजेत ते मौलासाहेब जमादार ठरवत. आम्ही त्यांना मौलाचाचा म्हणायचो. चौदाव्या वर्षी बाबा मला सांगलीहून त्यांच्या कारखान्यात घेऊन गेले तेव्हा मला वाटलं, पेटीतून टोपी काढून द्यावी तसा तंबोरा काढून देतील. चाचांनी मला चटईवर बसवलं, हातात एक तंबोरा दिला आणि म्हणाले, "गा."

"काय गाऊ?"

"येतंय ते गा. गळा ऐकल्याबगर मी कानस लावत न्हाई."

मी भूप गायला लागले, तर हा माणूस उठून चक्क बाहेर निघून गेला. गल्लीपलीकडच्या चहाच्या टपरीवर जाऊन पाठमोरा उभा राहिला. मला वाटलं, माझं गाणं इतकं वाईट आहे की काय! परत येऊन त्यांनी घोडी काढली, चार वेळा कानस फिरवली, परत बसवली, परत मला गायला लावलं आणि परत टपरीवर गेले. असं तीन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी टपरीवरून हात उंचावत आले.

"तंबोरा जवळून सगळ्यांनाच बरा वाटतोय," ते म्हणाले, "लांबून ऐकला आनि गळा त्यात बुडला न्हाई, तर तो खरा. हा तुझा हाय बेटा. दुसऱ्याच्या हातात देऊ नको."

जवारी वाजवून झिजते, दोन-तीन वर्षांनी पुन्हा लावावी लागते. माझ्या तंबोऱ्याची जवारी पुढची वीस वर्षं चाचांनीच लावली. दर खेपेला मला गायला लावायचे आणि टपरीवर जायचे. मी गाणारी झाले नाही, इंजिनिअर झाले. पण आवाजाच्या बाबतीत माझी एक आवड पक्की झाली होती: गोल, जरा बंद, खोलीत धुपासारखा हळूहळू भरणारा. त्या आवडीच्या जोरावरच २०३३ साली मी धंद्यात उतरले.

'सूरघर' हे आमचं ऑनलाइन दुकान. भागीदार अभिनंदन चौगुले, कॉलेजपासूनचा मित्र. आकडेमोडीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता, आणि सुराच्या बाबतीत तो इतका ढ होता की राष्ट्रगीत चालू झालं की लोक उभे राहिलेले बघून उभा राहायचा. वाद्य कोणतं विकायला ठेवायचं ते मी ठरवणार, कसं विकायचं ते तो ठरवणार, अशी वाटणी होती. वाद्यं घडवायला चाचा आणि त्यांचे चार कारागीर.

पहिली दोन वर्षं चाचांची रीत आम्ही जशीच्या तशी ठेवली. टोरांटोतून किंवा दुबईतून मागणी आली की गिऱ्हाइकाला पडद्यावर बोलवायचं आणि गायला लावायचं. चाचा माझा लॅपटॉप चटईवर ठेवून टपरीवर जाऊन उभे राहायचे. गिऱ्हाइकं गोंधळून विचारायची, "ते गेले कुठे?" मी सांगायची, "तुम्ही गात राहा." मला त्याची फार मजा वाटायची.

अभिनंदनला वाटत नव्हती.

"वृषाली, अकरा दिवस," तो एका दुपारी म्हणाला. "मागणी ते पाठवणी, अकरा दिवस. त्यातले नऊ या गाण्या-ऐकण्यात जातात. शंभरातले एकतीस लोक मधेच सोडून जातात. काहींना कॅमेऱ्यासमोर गायला लाज वाटते गं."

"तंबोरा असाच घेतात."

"असाच घेत होते," तो म्हणाला. तो भांडत नव्हता. तो कधीच भांडायचा नाही, हीच त्याच्याशी भांडण्यातली अडचण होती.

त्याच वर्षी प्रतिकर्ण आले.

आपला कान आवाज घेतो तसा अगदी बारीकसा आवाज करतोही. कानाच्या आतल्या शंखातल्या पेशी बाहेरच्या सुराला थरथरून साथ देतात, आणि त्या थरथरीचा अंश परत कानाबाहेर येतो. डॉक्टरांना हे जुनंच ठाऊक होतं. तान्ह्या बाळांची श्रवणचाचणी त्यावरच होते. नवीन इतकंच, की हा परतीचा आवाज टिपणारा मायक्रोफोन आता प्रत्येक इअरबडमध्ये बसला होता. माणूस मन लावून ऐकतो तेव्हा मेंदू कानाला मागून लगाम घालतो आणि परतीचा आवाज बदलतो. म्हणजे ऐकणाऱ्याने तोंडातून अवाक्षर न काढता त्याचा कान सांगतो की मन कुठे रमलं आणि कुठे उठलं. महिनाभराच्या अशा नोंदींवरून संगणक त्या कानाची नक्कल तयार करायचा. तोच प्रतिकर्ण. त्याला कुठलाही आवाज ऐकवा, त्याचा मूळ माणूस थांबेल की पुढे जाईल, ते तो सांगायचा.

अशा अकरा लाख कानांचा संच अभिनंदनने भाड्याने घेतला. ज्यांचे ते कान होते त्यांनी कधीतरी कुठल्यातरी अटींवर 'मान्य' असं दाबलेलं होतं. पण यंत्रणा तपासायला त्याने पहिली नक्कल बनवली ती माझ्या कानांची. महिनाभर मी तो इअरबड घालून वावरले. यादीत माझं नाव पडलं, 'क्रमांक एक'.

मग त्याने एक यंत्राचा हात आणला. त्याच्या टोकाला हिऱ्याची कानस होती. तो घोडीला हवा तसा उतार द्यायचा, आणि शंभर वेळा सांगितलं तर शंभर वेळा तोच. अकरा लाख प्रतिकर्णांना वेगवेगळ्या जवाऱ्या ऐकवून कोणती आवडते ते काढलं. उत्तर स्पष्ट होतं. शंभरातल्या त्र्याऐंशी कानांना उघडी, चकचकीत, झणकारती जवारी हवी होती. चाचांची जवारी हवी असणारे सतरा.

"मला नाही आवडत ही," मी म्हणाले.

"तुला नको असेल. तू आपली गिऱ्हाईक थोडीच आहेस?" मग तो म्हणाला, "आणि खरंच आवडत नाही का, बघू या?"

त्याने मला नमुन्यांच्या वीस जोड्या ऐकवल्या. प्रत्येक नमुना आठ सेकंदांचा, कारण आमच्या दुकानात गिऱ्हाईक एका नमुन्यापाशी सरासरी आठ सेकंदच थांबायचं आणि तेवढ्यातच त्याचा निर्णय व्हायचा. कोणता चाचांचा आणि कोणता यंत्राचा ते मला माहीत नव्हतं. मी भराभर बोट ठेवत गेले. शेवटी त्याने पडदा माझ्याकडे वळवला. विसातल्या चौदा वेळा मी यंत्राची जवारी निवडली होती. खाली चाचणीआधीच नोंदवलेलं क्रमांक एकचं भाकीत होतं, तेही चौदा.

त्या दिवशी माझ्यातलं काहीतरी मोडलं. वीस वर्षं जी आवड मी मिरवली ती नुसता मोठेपणा होता की काय, असं वाटलं. बापाने एका थोर कारागिराकडे नेलं म्हणून त्याचं ते चांगलं म्हणायची लागलेली सवय. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा! मला स्वतःची इतकी शरम वाटली की त्यानंतर मी अभिनंदनशी वाद घालायचंच सोडलं.

चाचांना मात्र सांगणं भाग होतं. ते घोडीवर फुंकर मारत बसले होते.

"किती शेकंद म्हणालीस?"

"आठ."

"आठ शेकंदात तंबोरा जागा बी होत न्हाई गं. खर्ज कानात उतरायला वेळ लागतोय." त्यांनी कानस खाली ठेवली. "मिठाईच्या दुकानात उभं राहिलं की सगळे पेढ्यालाच हात घालणार. घरात रोज जेवायला पेढे खातंय का कोन?"

मी हसले. चांगली उपमा आहे, असं काहीतरी म्हणाले. ते काय सांगताहेत ते मात्र ऐकलं नाही. ते उपमा देत नव्हते, चाचणीतली चूक दाखवत होते. इंजिनिअर मी होते, आणि ती चूक आठवी नापास झालेल्या माणसाने एका वाक्यात धरली होती.

दुकानाच्या दर्शनी पानासाठी यंत्राच्या जवारीचा उत्तम नमुना हवा होता. नवं लाकूड कच्चं वाजतं. नमुन्याला वीस-पंचवीस वर्षं मुरलेला तंबोरा लागतो. अभिनंदनने अगदी सहज विचारलं, "तुझा आहे ना गं घरी?"

मी हो म्हणाले. इतकंच नाही, दिवसही मीच निवडला. मिरजेतल्या दर्ग्याचा उरूस होता. चाचा तीन दिवस तिथेच असायचे, त्यांच्या वडिलांपासूनचा शिरस्ता होता. मी त्यातला दुसरा दिवस निवडला. सोयीचा म्हणून, असं तेव्हा स्वतःला सांगितलं होतं.

यंत्राला चार मिनिटं लागली. घोडीखाली चिमूटभर पांढरी पूड पडली. नमुना अप्रतिम झाला. वाद्यातून चांदणं झरावं तसा आवाज होता, ते खोटं कशाला सांगू!

उरूस संपल्यावर चाचा आले तेव्हा तो नमुना कारखान्यात वाजत होता. ते आत आले नाहीत. नेहमीसारखे टपरीपाशी जाऊन उभे राहिले. चहा मात्र घेतला नाही. मग आत येऊन माझ्या तंबोऱ्यापाशी बसले आणि घोडीवरून अंगठ्याचं नख फिरवलं.

"हा तुझा हाय," ते म्हणाले.

"हो चाचा. दर्शनी नमुना म्हणून…"

"गाऊन बघितलीस यावर?"

मी गायले नव्हते. तसं गायची मला आठवणही झाली नव्हती.

त्यांनी यंत्राखालची पूड चिमटीत घेतली, जरा वेळ तिच्याकडे बघितलं. "मी हितं असतो तर थांबली असतीस काय?"

खरं उत्तर दिलं असतं तर उरुसाचा दिवस का निवडला तेही सांगावं लागलं असतं. चाचांनी बोटं झटकली आणि रोजच्या कामाला बसले. महिनाभर येत राहिले. मग डोळ्यांनी नीट दिसत नाही म्हणाले आणि यायचे थांबले. आमच्यात भांडण असं झालंच नाही. दर ईदला त्यांच्या घरून शीरखुर्म्याचा डबा यायचा, दर दिवाळीला मी फराळ पाठवायची. पाठवायची, घेऊन जायची नाही.

सूरघर फोफावलं. चाळीस देशांत आमचे तंबोरे गेले. मागणी आली की दुसऱ्या दिवशी पाठवणी. माल परत येणं जवळजवळ थांबलं. ज्यांच्या घरी जुने तंबोरे होते तेही जवारी लावायला आमच्याकडे पाठवू लागले, आणि यंत्राने त्या सगळ्यांवर तोच उतार दिला. त्यात चाचांनी केलेले तंबोरेही होते, शेकड्यांनी.

हळूहळू तक्रारी यायला लागल्या, पण त्या तक्रारी आहेत हेच आम्हाला कळलं नाही. पुण्याच्या एका गुरुजींनी लिहिलं की मुलं खर्जात उतरायलाच तयार नाहीत, वरच ओरडतात. कुणी लिहिलं, तासभर रियाझ केला की डोकं दुखतं. झणकाराच्या वर ऐकू यावं म्हणून गळे चढत होते. वर्षं गेली तसं गाणंच चढलं. आणि ते गाणं ऐकून वाढलेल्या कानांवरून नवे प्रतिकर्ण बनत होते, आणि त्यांना तर आणखी उघडी जवारी हवी होती.

गेल्या वर्षी अभिनंदन माझ्या खोलीत आला, आणि पहिल्यांदाच त्याला बोलायला सुरुवात सापडत नव्हती.

"सगळे कान सारखे झालेत," तो म्हणाला. "अकरा लाख प्रतिकर्ण आहेत, पण आता एक ऐकला की बाकीचे ऐकायची गरज नाही. आणि सगळ्यांना जो आवाज हवा तो फुकटच्या ॲपमध्ये मिळतोय. आपला तंबोरा कशाला घेतील?" मग खुर्ची ओढून बसला. "वेगळं काहीतरी पाहिजे. जुना आवाज. मौलाचाचांना विचारू या का?"

"चाचा गेले," मी म्हणाले. "आठ महिने झाले."

त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. निरोप आला तेव्हा मी सिंगापूरच्या प्रदर्शनात होते, आणि परत आल्यावर आज जाऊ, उद्या जाऊ करत आठ महिने गेले होते. आता मात्र दुसऱ्याच दिवशी मिरजेला गेले. बैल गेला आणि झोपा केला म्हणतात, तशी.

दार चाचांच्या सुनेने, मेहरूनने उघडलं. तिने मला बसवलं, चहा दिला, आणि आतून एक छोटं पुडकं आणलं. जुन्या लुंगीच्या कापडात गुंडाळलेलं.

"अब्बांनी तुमच्यासाठी ठेवलंय. काम सोडलं ना, त्याच्या पुढच्याच महिन्यात केलं होतं."

आत हाडाची घोडी होती. माझ्या तंबोऱ्याच्या मापाची, जवारी लावलेली.

"मग पाठवली का नाही गं?" मी विचारलं.

"मी म्हणलं होतं पाठवू या म्हणून. ते नको म्हणाले. ती आली तर दे म्हणाले, पाठवू नको." मेहरूनने माझा कप उचलला. "शेवटच्या आजारात पण एकदा विचारलं त्यांनी, आलती काय म्हणून."

मी तिच्यासमोर रडले. ते लपवण्यासारखं नाही.

घरी येऊन ती घोडी माझ्या तंबोऱ्यावर बसवली. तारा चढवल्या, मणी सरकवून सूर जुळवला, झणकार खुलवणारं सूत घोडीवरच्या तारांखाली सारून त्याची जागा शोधली. सकाळची दहाची वेळ होती. घरात कुणी नव्हतं. मी तारा छेडल्या आणि वाट बघत राहिले.

आवाज मंद होता. बंद. पांघरुणाखालून आल्यासारखा. मी पुन्हा जुळवलं, सूत हलवून पाहिलं. तेच. मला वाटलं, डोळे गेले होते बिचाऱ्यांचे, उतार चुकला. थोडी उघडली तर बरी होईल. खोटं सांगत नाही, मी उठून कपाटातून कानस काढली. ती हातात आल्यावर थांबले. एकदा कानसली की परत भरता येत नाही, एवढं तरी मी शिकले होते.

मग क्रमांक एकची आठवण झाली. पस्तीस वर्षांच्या वृषालीचे कान. अभिनंदनने यंत्रणेतलं काही म्हणून कधी पुसलेलं नव्हतं. मी नवी घोडी वाजवून तो आवाज क्रमांक एकला जोडला, आणि शेजारी दुसरी खिडकी उघडून यंत्राच्या जवारीचा तो जुना नमुनाही लावला, सलग वाजत राहील असा. यंत्रणा आधी वेळ विचारते. तिथे चौदा वर्षांपूर्वीचा आकडा तसाच होता: आठ सेकंद. या अकरा लाख कानांना आम्ही आठ सेकंदांपलीकडचं कधी काही विचारलंच नव्हतं. मी तो आकडा पुसला आणि दोन तास घातले. नक्कल केव्हा उठेल एवढंच विचारलं.

आठव्या सेकंदाला तिला यंत्राची जवारीच जास्त आवडली. माझी परीक्षा खरी होती, आकडे खरे होते. तीन मिनिटं चाळीस सेकंदांनी यंत्राच्या जवारीपुढून क्रमांक एक उठून गेली.

चाचांच्या जवारीपुढे ती बसूनच होती. तिसऱ्या मिनिटाला पडद्यावरची तिचं मन रमल्याची रेघ वर चढायला लागली, सहाव्याला आणखी चढली आणि मग तिथेच स्थिर झाली. माझा गळा कधीकाळी कसा होता ते आठवून एका अधू डोळ्यांच्या माणसाने तो उतार दिला होता, आणि तो केसभरही चुकला नव्हता.

मी तंबोरा छेडत शेजारीच बसले होते. मलाही ऐकायचं होतं. त्या पोरीला जे ऐकू येतंय ते मलाही येईल, म्हणून डोळे मिटून बसले. पण मला सारखं वाटत होतं की आवाज जरा उघडायला हवा. अकराव्या मिनिटाला माझा हात आपसूक फोनकडे गेला.

तंबोरा भिंतीला टेकवून मी दुसऱ्या खोलीत गेले. आतापर्यंतचा आवाज टिपलेला होता, तोच पुन्हा पुन्हा तिच्यासाठी वाजत होता. दारातून मी लांबून ऐकायचा प्रयत्न केला, चाचा ऐकायचे तसा. मग स्वयंपाकघरात गेले, चहा केला, दोन फोन केले. परत आले तेव्हा दोन तास संपले होते आणि पडद्यावर यंत्रणेचा प्रश्न उभा होता: 'श्रोता अजून ऐकत आहे. वेळ वाढवायची का?'

मी 'हो' दाबलं. तिला उठवायचा मला काय अधिकार होता!